नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को : किती किलोमीटर, किती तास?

आईच्या डॉक्टरांनी तिकीट बघायला मागितलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "नाशिकच्या घरातून निघाल्यापासून तिकडच्या घरात टेकेपर्यंत एकूण किती तास?" आई एकाहत्तर वर्षांची. मधुमेह जुना, रात्री दहाला एक इन्सुलिन आणि जेवणाआधी दुसरं. गुडघेही कुरकुरणारे. धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहते, तिचं पहिलं बाळंतपण. आईला जायचंच होतं, आणि तिला एकटीला पाठवायचं नाही म्हणून सोबत मी. दसरा झाला की निघायचं ठरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "रात्रीचं इन्सुलिन चोवीस तासांच्या हिशेबावर चालतं. तुमचा त्या दिवसाचा हिशेब चोवीस तासांचा राहणार नाही. त्यामुळे मला अंदाज नको, नीट मोजलेले तास हवेत." मी ते काम अंगावर घेतलं, आणि खरं सांगते, त्यात मनापासून रमले. नातेवाइकांपैकी ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगत होता. कुणी सोळा तास, कुणी बावीस, कुणी "दीड दिवस धरून चाला". यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकानं वेगवेगळी गोष्ट मोजली होती.

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. नकाशावरचं अंतर आणि माल प्रत्यक्ष ज्या वाटेनं जातो ते अंतर यांत केवढा फरक पडतो, हे आम्हा लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरपासून जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायला लागली आणि रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरचे दहा-पंधरा दिवस वाढले. बंदरं तीच, द्राक्षं तीच. बदलली ती वाट. त्यामुळे विमानाच्या बाबतीतही तीन आकडे वेगवेगळे काढायचे हे मी आधीच ठरवलं होतं : सरळ अंतर, विमान खरोखर उडतं ते अंतर, आणि घर ते घर लागणारा वेळ.

सरळ अंतर काढायला माझ्या मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल कामी आला. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते, त्यामुळे आई म्हणाली, "म्हणजे अरबी समुद्रावरून पश्चिमेला जायचं ना?" आम्ही शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, एक टोक नाशिकवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. ताणल्यावर तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. तो पश्चिमेला गेलाच नाही. नाशिकवरून थेट वर, उत्तरेला किंचित पूर्वेकडे कलून, हिमालय, तिबेट, सायबेरिया, तिथून आर्क्टिक महासागराला शिवून अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात उतरला. मुलगा एकदम म्हणाला, "आई, दोऱ्याखाली बघ, दिल्ली!" खरंच दिल्लीचा ठिपका दोऱ्याखाली झाकला गेला होता.

गोल एक फूट व्यासाचा, म्हणजे परीघ जवळजवळ ९६ सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला तर एका सेंटिमीटरला साधारण ४१८ किलोमीटर. दोरा ३२ सेंटिमीटर भरला. गुणाकार केला तर १३,३०० ते १३,४०० च्या घरात आकडा आला. मग अक्षांश-रेखांश घेऊन त्रिकोणमितीनं पक्का केला. नाशिकजवळच्या ओझरचं विमानतळ २०.१ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ अंश उत्तर, १२२.४ अंश पश्चिम. पृथ्वीच्या मध्यातून बघितलं तर या दोन ठिकाणांमध्ये सुमारे १२०.३ अंशांचा कोन होतो. एक अंश म्हणजे पृष्ठभागावर १११ किलोमीटर आणि थोडे वर. म्हणून सरळ अंतर सुमारे १३,३७० किलोमीटर. वैमानिक आणि खलाशी सागरी मैल वापरतात ते यासाठीच. एका अंशाचे साठ मिनिटं, एका मिनिटाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोन कळला की साठानं गुणायचं, अंतर तयार.

याच रीतीनं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर येतं आणि ओझर ते दिल्ली साधारण ९९०. बेरीज करून बघा. ओझरहून दिल्लीमार्गे जाण्यात वाट अगदीच नावापुरती वाकडी होते, चार-पाच किलोमीटरचासुद्धा फरक पडत नाही. मला या गोष्टीचा फार आनंद झाला. 'आधी दिल्लीला जायचं म्हणजे उलटा प्रवास' असं जे घरोघर म्हटलं जातं, ते या एका शहरासाठी तरी खरं नाही. उलट मुंबईहून दुबईला गेलं तर साधारण १,९३० किलोमीटर, आणि दुबईहून सॅन फ्रान्सिस्को १३,००० च्या वर, एकूण पंधरा हजारांच्या आसपास. फ्रँकफर्टमार्गे त्याहून जास्त. सिंगापूरमार्गे तर सतरा हजारांवर.

पण दोरा हा फक्त दोरा. विमान त्यावरून जात नाही, आणि का जात नाही हे समजून घेतल्याशिवाय तासांचा आकडा समजत नाही.

पहिलं कारण जमिनीचं. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना मास्कशिवाय श्वास घेता येईल. तिबेटवर खाली यायला जागाच नाही, तिथली जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून प्रवासी विमानं तो भाग सहसा टाळतात. दुसरं कारण देशादेशांमधलं. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा पडायला लागला, आणि अमेरिकेहून येणाऱ्या काही विमानांना इंधन भरायला मध्येच युरोपात उतरावं लागलं. आमच्या कंटेनरांचं जे झालं तेच हे, फक्त तिथे दिवस वाढले आणि इथे तास.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं : वारा.

शेजारचे एक काका म्हणाले, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून विमान उलट दिशेनं गेलं तर अमेरिका आपणच जवळ येत असेल. तसं होत नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. फरक पडतो तो नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची ऊन हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि वारेही जोर धरतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी याच्या दुप्पट. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे आकाशात सोडून आणि त्यांचा माग काढून हे वारे टिपले होते. जपानवर ते विशेष जोरात असतात.

आता २०१६ मधली एक गोष्ट. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर, वेळ सोळा तासांच्या आसपास. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ते पूर्वेकडून, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान करत प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि वेळ लागला साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त उडून दीड तास आधी पोचलं. भागाकार केला तर अटलांटिकच्या वाटेवर सरासरी वेग ताशी ८७० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि प्रशांतच्या वाटेवर १,०५० च्या वर. विमान तेच, इंजिन तेच. एकीकडे वारा तोंडावर, दुसरीकडे पाठीवर. गंगापूर धरणाच्या पाण्यात होडी वाऱ्याबरोबर आणि वाऱ्याविरुद्ध वल्हवून बघितलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

हे वाचल्यावर मी 'अंतर भागिले वेग' करून तास काढणं सोडून दिलं. लांब पल्ल्याच्या विमानासाठी तो हिशेब ढोबळ कल्पना देण्यापुरताच. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि तास लगेच दिसतात, पण तिथे बहुतेक वेळा सरळ अंतराला एका ठरावीक वेगानं भागलेलं असतं. त्यात ना वारा, ना बंद आकाश. भरवशाचा आकडा विमान कंपनीच्या वेळापत्रकातला. ते गेल्या हंगामातल्या प्रत्यक्ष उड्डाणांवरून बसवलेलं असतं आणि उन्हाळी, हिवाळी असं बदलतं.

वेळापत्रकातला वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान फलाटावरून मागे ढकललं जातं तेव्हा तो सुरू होतो आणि उतरून दुसऱ्या फलाटाला लागलं की संपतो. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावरचं रांगणं, सगळं त्यात आलं. मोठ्या विमानतळांवर दोन्हीकडचं मिळून अर्धा-पाऊण तास यातच जातो. हवेतला वेळ त्याहून तेवढा कमी. डॉक्टरांना मात्र हा मोठा आकडाच उपयोगाचा, कारण आई तेवढा वेळ पट्टा बांधून बसलेलीच असणार.

आमच्या तिकिटावर लिहिलं होतं : दिल्ली पहाटे ४, सॅन फ्रान्सिस्को सकाळी ७, तारीख तीच. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, "तीनच तास?" इथे घड्याळांचा फरक मिळवावा लागतो. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया उन्हाळी वेळेत सात तास मागे. दोन्ही मिळून साडेबारा. तीन अधिक साडेबारा, म्हणजे साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेतेरा होतो. २०२५ मध्ये तो दिवस २ नोव्हेंबर होता, आम्ही त्याआधी निघणार होतो, म्हणून साडेबाराच धरला.

साडेबारा या आकड्याची एक सोय आहे, ती मला हिशेब करता करता सापडली. आईकडे जुनं एचएमटीचं काट्यांचं घड्याळ आहे. त्यावर नाशिकची वेळ ठेवली आणि अर्धा तास मागे वाचलं, की तिकडची वेळ मिळते. फक्त सकाळची संध्याकाळ करायची. नाशिकला रात्रीचे दहा, तिकडे सकाळचे साडेनऊ. आईला हे एकदाच सांगितलं. पुढे तीच मला सांगायला लागली.

वाट निवडताना घरात बरीच चर्चा झाली. मुंबईहून जायचं तर आधी रस्ता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाटातलं अडकणं वाचतं हे खरं. पण आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाणे आहेतच, आणि तिथे किती वेळ जाईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अमेरिकेचं विमान पकडायचं तर मी घरापासून टर्मिनलपर्यंत पाच तास धरले असते. वर तीन तास आधी पोचणं. म्हणजे विमानात पाय ठेवायच्या आधीच आठ तास गेले, त्यातले पाच गाडीत गुडघे मुडपून. दुबई किंवा फ्रँकफर्टमार्गे घर ते घर बत्तीस-तेहतीस तास होत होते. फ्रँकफर्टची एक बाजू चांगली होती. प्रवास साधारण नऊ तास आणि साडेअकरा तास असा विभागला जातो, मध्ये पाय मोकळे होतात. डॉक्टरांनाही ते आवडलं असतं. आई मात्र म्हणाली, "मला एकदाच बसव. परक्या देशात पुन्हा पुन्हा रांगा नकोत." माझ्या मते हे म्हणणं ऐकायलाच हवं होतं. आकडे मी काढले, पण बसायचं तिला होतं.

म्हणून ओझर–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ओझरचं नाव आमच्या पिढीला मिगच्या कारखान्यामुळे माहीत. १९६४ पासून तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे, आणि लहानपणी डोक्यावरून आवाज गेला की आम्ही अंगणात धावायचो. आता तिथून दिल्लीला थेट प्रवासी विमान जातं. घरापासून विमानतळ पाऊण तासावर. दोन तिकिटं वेगवेगळी असली तर दोन गोष्टी आधी बघून घ्याव्या लागतात. एक, पहिलं विमान चुकलं किंवा उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, म्हणून मध्ये भरपूर वेळ हवा. दोन, देशातल्या विमानात साधारणपणे १५ किलो सामान चालतं आणि अमेरिकेच्या विमानात प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरले, ते काउंटरवर भरण्यापेक्षा स्वस्त पडतात. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा, बाळाची दुपटी, सगळं त्यात बसलं.

मग मी कागदावर एक पट्टी आखली. वर नाशिकची वेळ, खाली दिल्लीनंतर तिकडची वेळ. बुधवारी दुपारी साडेतीनला घर सोडायचं. सहाला ओझर. आठला दिल्ली. रात्री दहाला इन्सुलिन, विमानतळावरच. पहाटे चारला उड्डाण. गुरुवारी नाशिकच्या संध्याकाळी साडेसातला सॅन फ्रान्सिस्को. इमिग्रेशन, सामान आणि फ्रीमाँटपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता मिळून अडीच तास. नाशिकच्या रात्री दहाला बहिणीच्या घरी. घर ते घर साडेतीस तास. दोरा म्हणतो १३,३७० किलोमीटर, तिकीट म्हणतं तीन तास, वेळापत्रक म्हणतं साडेपंधरा, आणि आईच्या शरीराला सोसायचे ते साडेतीस.

डॉक्टरांनी ती पट्टी समोर ठेवून प्रत्येक खुणेपाशी पेन्सिलीनं लिहिलं. प्रवासभर शरीर नाशिकच्या वेळेवर ठेवायचं, रात्रीचं इन्सुलिन नाशिकच्या दहालाच, आणि पोचल्यावर काही दिवसांत ते हळूहळू तिकडच्या रात्रीकडे सरकवायचं. ते किती आणि कसं, हे त्यांनी आईची साखर बघून ठरवलं होतं. ते तिच्यापुरतंच, दुसऱ्या कुणी उचलून वापरावं असं नाही. जेवणाबद्दल त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं. विमानात पहिलं जेवण उड्डाणानंतर तासा-दीड तासात येतं आणि शेवटचं उतरण्याआधी दोन-अडीच तास. मधलं अंतर अकरा-बारा तासांचं. वेळापत्रकातला साडेपंधराचा आकडा हाती असला की ही पोकळी दिसते. मधुमेहाचं जेवण आधी नोंदवलं, आणि मधल्या वेळेसाठी दशम्या बांधून घेतल्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या कप्प्यात टाकलं तर ते गोठून निकामी होऊ शकतं.

ओझरहून विमान तासभर उशिरा सुटलं. दिल्लीत एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला गाडीनं जायचं होतं, तरी आमच्याकडे वेळ उरला. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, ती तिकिटाबरोबरच सांगावी, पैसे पडत नाहीत. रात्री दहाला आईनं एचएमटी बघितलं, पिशवी उघडली आणि शांतपणे तिचं काम केलं.

विमानातला सीटसमोरचा नकाशा आईनं चित्रपटांपेक्षा जास्त बघितला. दिल्लीहून आम्ही पूर्वेला निघालो. म्यानमार, मग चीन. उंची ३५,००० फुटांच्या आसपास, बाहेरचं तापमान उणे पन्नासच्याही खाली. जपानजवळ येताना जमिनीवरच्या वेगाचा आकडा ताशी हजाराच्या वर गेला, १,०७० पर्यंत चढलेला मी पाहिला. त्याच्याच खाली वाऱ्याचा वेग दिसत होता, बाण विमानाच्या पाठीवर. आईला म्हटलं, "हाच तो वारा." तिनं बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "येतानाही हाच असेल का गं?"

उजेडाचं गणितही समोर घडत होतं. दिल्ली सोडल्यावर थोड्याच वेळात सूर्य उगवला. आम्ही सूर्याकडे, पूर्वेला धावत होतो, म्हणून दिवस आखडला. घड्याळात दुपारचे बारा वाजायच्या सुमारास प्रशांत महासागरावर अंधार झाला. जेमतेम सहा तासांचा दिवस. मग तारीखरेषा ओलांडली आणि गुरुवारचा पुन्हा बुधवार झाला. रात्र सरत आली तेव्हा परत गुरुवार, आणि सॅन फ्रान्सिस्कोला चाकं टेकली तेव्हा क्षितिज तांबडं होत होतं. एकाच तारखेला दोनदा सूर्योदय. आईनं दोन्ही वेळेला खिडकीतून हात जोडले.

दर दोन तासांनी मी तिला उठवून मधल्या वाटेत चालवलं. पायांत घट्ट मोजे, हातात पाण्याची बाटली. साडेपंधरा तास एका जागी बसणं हे पायांतल्या रक्तासाठी धोक्याचं असतं, विशेषतः या वयात. सुजलेले पाय ही म्हातारपणाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. हवाई सुंदरी दोनदा येऊन चौकशी करून गेली. मधल्या पोकळीत दशमी आणि थोडं दही.

उतरल्यावर रांग होती, पण व्हीलचेअरची वेगळी. तरी बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न, बॅगा, लाडवांची नोंद. खाण्याचं काहीही असलं तरी ते सांगावं, लपवू नये. लाडू बघून त्यांनी सोडले. फ्रीमाँटला बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा आईच्या घड्याळात रात्रीचे दहाला पाच कमी होते. साखर मोजली, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत होती. इन्सुलिन घेतलं, आणि बाहेर लख्ख सकाळ असताना ती दोन तास झोपली.

मी थोड्याच दिवसांत परतले, ते द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या म्हणून. आई बाळाबरोबर राहिली आहे, मार्चअखेरीला येईल. तिच्या परतीचा हिशेब नव्यानं करावा लागेल. तिकडची घड्याळं ८ मार्च २०२६ ला पुन्हा तासभर पुढे जातात, म्हणजे फरक परत साडेबारा, आणि एचएमटीत पुन्हा अर्धाच तास मागे वाचायचं. पण दिल्लीत उतरताना तारीख एक दिवस पुढची असेल. या वेळी आईचा तारखेच्या हिशेबातला दिवस लांबला होता, तेव्हा तो आखडेल, म्हणून इन्सुलिनची पट्टी उलटी आखायची. विमान तिला कुठल्या बाजूनं आणेल हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर आणि कुणाचं आकाश तेव्हा खुलं आहे यावर ठरेल. तिकीट काढताना मी थेट विमान आणि वाटेत इंधनाला थांबणारं विमान असे दोन्ही तास लिहून डॉक्टरांकडे नेणार आहे.